कशावरून?

तुमच्या तुकडीचा निरोप आला की स्मरणिकेसाठी बाईंनी आठवणी लिहाव्यात. १९९९ ची दहावी म्हणजे पंचवीस वर्षे होऊन गेली. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील. कोणाचा डबा कोणी खाल्ला, स्नेहसंमेलनात कोण स्टेजवर रडले, हे मी लिहिण्यात अर्थ नाही. फोनवर मात्र तुमच्यापैकी तिघांनी मला वेगवेगळे एकच सांगितले, "बाई, तुमचं ते 'कशावरून?' अजून डोक्यातून जात नाही." एकीने तर सांगितले की सासूबाईंनी एकदा काही सांगितले आणि हिच्या तोंडून पटकन निघून गेले, "कशावरून?" त्यानंतर घरात दोन दिवस अबोला होता. तिची मी इथेच क्षमा मागते. आणि त्या 'कशावरून'विषयीच लिहिते, कारण सहावी-सातवीच्या वर्गात इतिहास शिकवताना मी जे काही केले त्याचा सगळा ऐवज त्या एका शब्दात आहे.

आता बालभारतीच्या सहावी, सातवी आणि आठवीच्या तिन्ही पुस्तकांत 'इतिहासाची साधने' हा पाठ सुरुवातीलाच असतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुले ते पाठ करतात, परीक्षेत तक्ता भरतात, गुण मिळवतात आणि पुढच्या पाठापासून साधने विसरून जातात. नाणे हे भौतिक साधन, हे ज्याला येते त्याच्या हातात जुने नाणे दिले की तो एवढेच विचारतो, "बाई, हे किती रुपयांना विकेल?" यात मुलांचा दोष नाही. पोहण्याची व्याख्या पाठ करून कोणी पोहत नाही. साधन हातात घ्यावे लागते, आणि ते आपल्या गावातले असले तर हात लवकर पुढे येतो.

म्हणून तुमचा पहिला तास गावाच्या नावाचा होता, आठवते का? मी विचारले, यवतमाळ हे नाव कशावरून पडले? अर्धा वर्ग ओरडला, "माळावर आहे म्हणून!" ऐकायला ते बरोबरच वाटते. मग मी तीन गोष्टी फळ्यावर लिहिल्या. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, आपल्या परगण्याचे नाव 'योत-लोहारा' असे येते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने 'योत' म्हणजे 'येवता' आणि 'मळ' हे 'महाल' या शब्दाचे झिजलेले रूप मानले. महाल म्हणजे परगणा. लोहारा तर आपल्या हाताशीच आहे. आणि तिसरी गोष्ट, कोणाच्या तरी आजोबांच्या पेटीतले पाकीट, ज्यावर गावाचे नाव इंग्रजीत 'येवतमाळ' असे वाचले जाईल अशा अक्षरांनी छापले होते. मग प्रश्न सुरू झाले. यातले सगळ्यात जुने कोणते? अबुल फजल इथे आला होता का, की दुसऱ्याने दिलेल्या यादीवरून लिहीत होता? इंग्रज अधिकाऱ्याने कोणाला विचारले असेल? आणि 'माळावर आहे म्हणून' हे आपल्याला कोणी सांगितले? शेवटच्या प्रश्नाला उत्तर आले, "सगळेच म्हणतात." मी फळ्यावर लिहिले: साधन क्रमांक चार, सगळेच. तास तिथेच संपला.

आपल्या जिल्ह्याचे नावही आधी यवतमाळ नव्हते. १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा होता. त्या साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळाले. ही माहिती म्हणून कोरडी आहे. पण तुमच्यातल्या एकाच्या घरी १९०५ च्या आधीचा शेतसाऱ्याचा कागद निघाला आणि त्यावर 'जिल्हा वणी' पाहून तो म्हणाला, "बाई, आमचं शेत तर इथंच आहे, मग आम्ही वणीहून आलो का?" तेव्हा त्या कोरड्या माहितीला एकदम काम मिळाले.

शकुंतलेविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर तुम्ही ग्रुपवर आधीच भांडून झाला आहात असे कळले. तुम्ही पाचवीत होता तेव्हा, १५ एप्रिल १९९४ ला, तिचे वाफेचे इंजिन थांबले आणि डिझेलचे आले. तुमच्यापैकी स्टेशनजवळ राहणाऱ्यांनी ती शिट्टी ऐकलेली आहे, म्हणजे त्या बाबतीत तुम्ही स्वतः मौखिक साधन आहात. आता मोबाइलवर दर वर्षी एक मजकूर फिरतो की ही गाडी अजून ब्रिटिशांच्या मालकीची आहे आणि आपण इंग्लंडला भाडे भरतो. रक्त उसळावे असाच तो लिहिलेला असतो. वर्गात असते तर मी विचारले असते, मजकुरात मालकाचे नाव आहे का? नाव किलिक-निक्सन असे येते. ही पेढी इंग्रजांनी काढली खरी, पण काढली १८५७ मध्ये मुंबईत; रेल्वेसाठी जी कंपनी उभी केली तिचे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी; आणि स्वातंत्र्यानंतर किलिक-निक्सन भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. 'ब्रिटिशांनी स्थापन केलेली' आणि 'आज ब्रिटनमधून चालणारी' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. फिरणारा मजकूर पहिल्याचा पुरावा देतो आणि दुसरे सांगून मोकळा होतो. आपला कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईला आणि तिथून मँचेस्टरकडे जावा म्हणून ती लाईन टाकली, हे पुरेसे संतापजनक आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

आता ज्या माणसामुळे मला ही पद्धत सुचली त्यांच्याविषयी. ते आपल्या गावचे, आणि आपल्या गावालाच ते फारसे माहीत नाहीत. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे. पेशाने वकील, ओढीने संशोधक. यवतमाळात त्यांनी शारदाश्रम उभा केला आणि जुन्या पोथ्या, हस्तलिखिते, कागद जमवले. महानुभावांच्या पोथ्या तेव्हा सांकेतिक लिपीत बंद होत्या. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, आणि त्यानंतर ज्या मोजक्या लोकांनी ते वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले त्यांत देशपांडे होते. त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली निघाले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले, त्यामागे राजवाड्यांसारखा माणूस आणि पुण्यासारखे शहर होते. यवतमाळात एका वकिलाने कोर्टाची कामे सांभाळून हे करायचे म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच समजेल.

१९३९ मध्ये वाशीमला पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळे चार ताम्रपट उजेडात आले. ते देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी प्रसिद्ध केले. वाकाटक राजा विंध्यशक्ती (दुसरा) याने दिलेल्या गावाची ती सनद होती. काही मजकूर संस्कृत, काही प्राकृत. आता यात एवढे काय, असे सातवीतल्या मुलाला वाटणारच. म्हणून मी आधी ताम्रपट सांगतच नसे. मी एक खेळ घेत असे, तो तुम्हाला नक्की आठवेल.

एका चिठ्ठीवर सहा ओळी लिहून तिच्यावर मी पाणी शिंपडत असे. शाई पसरायची, मधली नावे जायची. 'रामरावांचा मुलगा ...सेन' एवढेच उरायचे. तुम्ही गटागटाने गाळलेली जागा भरायची. एका गटाने 'चित्रसेन' लिहिले, एकाने 'वीरसेन', मागच्या बाकाने 'सनी देओलसेन' लिहून मार खाल्ला. प्रत्येक गटाला आपलेच बरोबर वाटायचे आणि प्रत्येकाकडे कारणही असायचे. मग मी दुसरी चिठ्ठी काढायची. ती वेगळ्या माणसाने, वेगळ्या कामासाठी लिहिलेली, पण तिच्यात तेच घराणे आणि नाव स्वच्छ. वर्ग एक क्षण गप्प होत असे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा कोरीव लेख आहे. पावसापाण्याने त्याची अक्षरे झिजलेली. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर या थोर विद्वानाने तो वाचला आणि पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचे पुसट झालेले नाव रुद्रसेन असे भरले. अगदी समंजस अंदाज होता, कारण त्या घराण्यात रुद्रसेन हे नाव दुसऱ्या लेखांतून माहीत होते. पन्नासेक वर्षे विद्वानांनी तसेच धरले. वाशीमच्या ताम्रपटात मात्र नाव स्पष्ट निघाले, प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा बारकाईने तपासला, तर तिथेही सर्वसेनच होता. एका राजाचे नाव दुरुस्त झाले एवढेच नव्हे, वाकाटकांची एक अख्खी शाखा, जी वत्सगुल्म म्हणजे वाशीमहून राज्य करत होती, इतिहासात परत आली. ज्या शाखेच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली तीच ही शाखा.

मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ब्यूलर आळशी नव्हता आणि खोटारडाही नव्हता. हातात होते त्यावरून त्याने नीट विचार केला. मुलांना 'चुकले' आणि 'खोटे बोलले' यातला फरक शिकवायला याहून चांगला धडा माझ्याकडे नव्हता. आणि दुसरे म्हणजे, दुरुस्ती आली ती लंडनहून नाही, पुण्याहून नाही, वाशीमच्या शास्त्र्यांकडून आणि यवतमाळच्या वकिलाकडून. हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा सरळ बसत.

अर्थात यात वेळ जाई. पोर्शन मागे पडे. एक पालक मला रस्त्यात थांबवून म्हणाले होते, "बाई, पोरगं घरी येऊन मलाच पुरावा मागतं, आणि घटक चाचणीत मात्र बाराच मार्क." त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. मी शनिवारचे तास जास्तीचे घेऊन पोर्शन भरून काढत असे, आणि त्या शनिवारांबद्दल तुम्ही मला अजून माफ केलेले नाही हेही मला माहीत आहे.

तर सातवीतले जंगल सत्याग्रहाचे प्रकरण. हे मला सविस्तर लिहायचे आहे.

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. आपल्याकडे समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ केले गेले, पण वऱ्हाडातल्या माणसाला रोज टोचत होता तो मिठाचा कायदा नव्हता, जंगलाचा होता. राखीव जंगलात गवत कापायला बंदी, चराईला पैसे, गुरे शिरली की कोंडवाडा. म्हणून इथे सत्याग्रह जंगलात न्यायचे ठरले. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि शिक्षा भोगली. २१ जुलैला यवतमाळजवळच्या जंगलात डॉ. हेडगेवारांच्या तुकडीने तेच केले. त्यांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्या महिन्यांत हे लोण फार लांब गेले. कुलाब्यात चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, मध्य प्रांतात शिवनीजवळ तुरियाला ९ ऑक्टोबरला गोळीबारात आदिवासी बायका मेल्या.

वर्गात मी एक कागद चार प्रकारे लिहून दाखवला. एकाच घटनेबद्दल सरकारी वकील काय लिहील, काँग्रेसचे पत्रक काय लिहील, वनखात्याचा नाकेदार काय लिहील आणि सत्याग्रहींसाठी भाकरी करणारी बाई काय सांगेल. हे चारही मी स्वतः लिहिलेले नमुने होते आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात 'नमुना' लिहिलेले होते. खोटे साधन खरे म्हणून मुलांच्या हातात देणे हे मला विषप्रयोगासारखे वाटते. पण त्यातली एक गोष्ट खरी होती. हेडगेवारांच्या तुकडीवर लावलेल्या कलमांत दंडसंहितेचे ३७९ होते. एका मुलीने विचारले, "३७९ म्हणजे काय?" मी सांगितले, चोरी. वर्गात कुजबुज झाली. ज्याला आपण सत्याग्रह म्हणतो त्याला कोर्टाच्या कागदात चोरी म्हटले आहे. मग कागद खोटा आहे का? कागद खोटा नाही. कोर्टाने त्या कलमाखाली शिक्षा दिली हे खरेच आहे. कागद काय सांगतो आणि कोणाच्या बाजूने सांगतो, हे दोन प्रश्न वेगळे विचारायचे, एवढे त्या दिवशी बहुतेकांच्या लक्षात आले.

तेवढ्यात खिडकीजवळ बसणारा एक जण उभा राहिला. तुम्ही त्याला ओळखाल, मी नाव लिहीत नाही. वसतिगृहात राहून शिकणारा, पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावरचा. वर्षभरात तो स्वतःहून बोलल्याचे मला आठवत नव्हते. तो म्हणाला, "बाई, माह्या आज्याच्या बापानं बी कापलं होतं गवत. त्याले नाकेदारानं मारलं, दंड बी झाला. मंग त्याचं नाव कुठी हाये?"

काही मुले हसली. मी हसले नाही, कारण तीस वर्षांच्या नोकरीत मला वर्गात विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. त्याच जंगलातले तेच गवत. एकाने कापले ते पुस्तकात आहे. दुसऱ्याने कापले ते असलेच तर वनखात्याच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीत असेल, नाव अर्धे, गावाचे नाव चुकीचे, पुढे दंडाची रक्कम. आणि अण्यांनी कापले ते ठरवून, तारीख जाहीर करून, कायदा मोडण्यासाठी. याच्या पणज्याने कापले ते गुपचूप, अंधारात, जनावरांसाठी. हा फरक खोटा नाही. तो पुसून टाकणे म्हणजे अण्यांवरही अन्याय आणि पणज्यावरही.

आम्ही दिवाळीनंतर त्याच्या पोडावर गेलो. मी आणि तुमच्यातले सहा जण, एसटीने आणि पुढे पायी. जाताना वहीत पाच प्रश्न लिहून नेले होते. सांगणारा कोण? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? केव्हाची गोष्ट? आपल्याला सांगण्यात त्याचा काही हेतू आहे का? आणि तो काय सांगत नाही? शेवटचा प्रश्न सातवीच्या मुलांना जड जाईल असे वाटले होते, पण तोच त्यांना सगळ्यात आवडला.

त्याचा आजोबा अंगणात बांबूचा तट्टा विणत बसला होता. वय विचारले तर म्हणाला, तुम्हीच लावा. मुलांनी लावले. लग्न झाले तेव्हा धान्याचे कंट्रोल होते, म्हणजे लढाईचा काळ, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास. त्या वेळी तो जाणता होता. म्हणजे बापाला मारले तेव्हा तो शेळ्या राखण्याच्या वयाचा असू शकतो. पण ती गोष्ट कोणत्या सालची? "गांधीबाबाच्या वक्ताची," असे तो आधी म्हणाला. जेवणानंतर पुन्हा विचारले तर म्हणाला, "गांधीबाबाच्या बी पयलेची." सकाळी दंड म्हणून शेळी नेली होती, दुपारी शेळी आणि घोंगडी दोन्ही नेली. नाकेदार कधी एक होता, कधी दोघे.

परत येताना बसमध्ये वाद पेटला. एक मुलगी म्हणाली, बाबा खोटे बोलतात. दुसरा म्हणाला, म्हातारे आहेत, विसरले. मी म्हटले, दोन्ही वेळा काय सारखे सांगितले ते काढा. त्यांनी काढले. बाप गवत कापायला गेला. पकडला गेला. उजव्या हातावर मार बसला आणि तो हात पुढे कधी नीट वर गेला नाही. शेळी नेली. सगळे प्रसंग सरकत होते, पण हात मात्र दोन्ही वेळा उजवाच होता.

आता खरी अडचण पुढे होती. आमच्या खिडकीजवळच्या मुलाला निबंधात लिहायचे होते की माझा पणजा स्वातंत्र्यसैनिक होता. त्याला ते मनापासून हवे होते. वर्गात ज्यांच्या घरी ताम्रपत्र होते, भिंतीवर फोटो होते, त्यांच्या शेजारी बसायचे होते. आणि मी त्याला ते लिहू दिले नाही. मी विचारले, "कशावरून?" तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्या वेळी मला तो शब्द फार जड गेला, तरी मी तो मागे घेतला नाही. त्याच्या पणज्याला उसने मोठेपण दिले असते तर पहिल्या शंकेला ते गळून पडले असते, आणि बरोबर तो उजवा हातही गेला असता. मी त्याला म्हटले, जे तुला नक्की माहीत आहे तेवढे लिही, एक शब्द जास्त नको आणि एक शब्द कमीही नको.

त्याने चार वाक्ये लिहिली. मला ती पाठ आहेत. "माझ्या पणज्याने सरकारी जंगलातले गवत कापले. त्याला मारले आणि त्याची शेळी नेली. तो सत्याग्रही होता की नाही हे मला माहीत नाही. घरची गुरं उपाशी होती हे माहीत आहे." निबंध दोन पानांचा हवा होता. मी त्याला दहापैकी दहा दिले आणि त्यावरून तुमच्यातल्या चौघींनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते.

ही गोष्ट इथेच राहिली असती. पण काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. तो आता गावातच असतो, ग्रामसभेचे काम पाहतो. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याखाली पोडाने जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करायचे ठरवले होते. चराईचा, मोहफुलांचा, बांबूचा. आणि सगळे अडले होते ते एकाच ठिकाणी: कागद आणा. पोडाकडे कागद कुठला? ज्यांच्याबद्दल फक्त दुसऱ्यांनी लिहिले त्यांच्याकडे स्वतःचा कागद नसतो.

पण त्या कायद्याचे २००८ चे नियम वाचण्यासारखे आहेत. त्यातल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे, आणि ती वाचताना मला आपल्या सातवीच्या पाठाची आठवण झाली. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे, वनखात्याचे अहवाल. ही झाली लिखित साधने. जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी, देवस्थाने. ही भौतिक. आणि दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन. हे मौखिक. शिवाय एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही तिथे म्हटले आहे. अजिंठ्याचा झिजलेला लेख आणि वाशीमचा ताम्रपट एकमेकांशेजारी ठेवायचे, तेच हे.

त्याने मला विचारले, "बाई, ती वही हाये का तुमच्याकडे?" नव्हती. त्या वर्षीच मी ती त्याला परत दिली होती, आणि त्याच्या घराचे छप्पर गळून ती भिजली होती. आजोबा केव्हाच गेले होते. म्हणजे सगळे नव्याने करायचे. पण प्रश्न त्याच्या लक्षात होते, पाचही. त्याने म्हाताऱ्यांना एकत्र बसवले नाही. एकेकाच्या घरी जाऊन विचारले, कारण चौकात विचारले की पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात. हे त्याला मी शिकवले नव्हते, ते त्याने स्वतः शोधले. दोन निवेदनांतली वर्षे जुळली नाहीत तेव्हा बरोबरच्या पोरांनी ती जुळवून लिहायचा आग्रह धरला. त्याने दोन्ही होती तशीच ठेवली आणि खाली लिहिले की सालांत फरक आहे, पण विहीर कोणी खणली आणि कुठे आहे यावर सगळ्यांचे एकमत आहे. मग विहिरीचा फोटो जोडला, दफनभूमीची जागा नकाशावर दाखवली. माझ्याकडून त्याला एकच मदत झाली. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्या भागातल्या कोलामांविषयी काय लिहिले आहे ते मी वाचून, उतरवून, पान क्रमांकासह पाठवले. 'पान क्रमांक विसरू नका' असे त्यानेच मला दोनदा बजावले.

पहिल्यांदा फाइल परत आली, नकाशा नीट नाही म्हणून. त्यांनी तो पुन्हा केला. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, मोजणी होऊन गेली, हक्काचा कागद अजून हातात आलेला नाही. मेळाव्याला येणार आहे. पुढचे काय झाले ते त्यालाच विचारा, आणि त्याने काही सांगितले की त्याला काय विचारायचे हेही तुम्हाला ठाऊक आहे.